रिजॉइन, रिझाइन आणि मुकादमबाई

आदरणीय खदीजा मुकादमबाईंना मी प्रथम पाहिले ते पेणच्या आमच्या शाळेच्या पटांगणात, सगळी शाळा मला हसत असताना. मी आठवीत होते आणि गडबहून एसटीने शाळेत येत असे. भातकापणी चालू होती, घरी माणसे कमी पडत होती, म्हणून आईने दोन दिवस घरी थांबायला सांगितले होते. रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिला तर वर्गशिक्षकांना बरे वाटेल असे माझ्या मनाने घेतले. 'लीव्ह'चे स्पेलिंग एल-ई-ए-व्ही-ई. मी लिहिले एल-आय-व्ही-ई. रजा मागण्याऐवजी 'मला दोन दिवस जगू द्यावे' अशी विनंती मी शाळेला केली होती. वर्गशिक्षकांनी तो कागद प्रार्थनेनंतर सर्वांसमोर वाचला, आणि ज्यांना कळले नाही त्यांच्यासाठी मराठीत अर्थही सांगितला.

त्या आठवड्यात शाळेत एक नवीन बाई रुजू झाल्या होत्या. उंच, सडपातळ, डोक्यावरून पदर घेतलेल्या. त्या शिक्षकांच्या रांगेतून पुढे आल्या आणि त्यांनी सरांपुढे हात केला. म्हणाल्या, "सर, तो कागद माझ्याकडे द्या. इंग्रजीच्या चुका माझ्या विषयात येतात."

सरांनी कागद दिला. मग बाई आमच्याकडे वळल्या आणि त्यांनी स्वतःची एक गोष्ट सांगितली. कॉलेजात त्यांना 'माझी तत्त्वे' या विषयावर निबंध लिहायचा होता. 'प्रिन्सिपल' या शब्दाची दोन स्पेलिंगे आहेत, एकाचा अर्थ तत्त्व आणि दुसऱ्याचा मुख्याध्यापक. बाईंनी सगळीकडे दुसरे लिहिले. तीन पाने त्या स्वतःच्या मुख्याध्यापकांना प्राणापलीकडे जपत होत्या आणि कोणी दुखावले तरी त्यांना सोडणार नव्हत्या. मुले पुन्हा हसली, पण या वेळी मीही हसले. "माझ्या प्राध्यापकांनी तो निबंध वर्गात वाचला नाही," बाई म्हणाल्या. "लाल रेघ मारली आणि बरोबर शब्द दहा वेळा लिहायला लावला. सुनंदासुद्धा लिहील."

मी दहा वेळा लिहिले. दोन दिवसांची रजाही मिळाली.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना समितीतील एका स्नेह्यांनी मला प्रेमाने सुचवले की बाईंचे अध्यापन, निकाल, शिस्त यांविषयी लिहावे. कंपनीचे जुने प्रकरण आता उकरू नये, शुभप्रसंग आहे. त्यांचा हेतू चांगला आहे हे मी जाणते. परंतु ते प्रकरण वगळून बाईंविषयी लिहिले, तर बाई हाच लेख हिरव्या शाईने तपासून मला परत पाठवतील. तेव्हा मी तेच लिहिणार आहे. आधी थोडे त्यांच्या वर्गाविषयी सांगते.

बाई वर्गात स्पेलिंगला कसलीही सूट देत नसत. प्रत्येकाला एक वेगळी वही करावी लागे, तिला आम्ही 'जुळ्यांची वही' म्हणत असू. कानाला सारखे लागणारे शब्द तिच्यात समोरासमोरच्या पानांवर यायचे आणि प्रत्येकाखाली आपल्या गावातले वाक्य. वडखळच्या नाक्यावर तासभर अडकून पडलेली एसटी ती 'स्टेशनरी', तिच्यात ए. पेणच्या बाजारातून आणलेल्या वह्या-पेन्सिली हीही 'स्टेशनरी', पण तिच्यात ई. जुळी पोरे शेजाऱ्यांना सारखी दिसतात, आईला दिसत नाहीत, असे त्या म्हणत. एक अक्षर चुकले तरी गुण शून्य. आमच्यातल्या कित्येकींना त्या वहीने रडवले आहे आणि त्यात मी पहिली.

हा कडकपणा कुठून आला, ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी एकदाच सांगितले. बाई मूळच्या रोह्याच्या. मोहल्ल्यातले बरेच पुरुष आखातात होते आणि शाळकरी खदीजा घरोघरची पत्रे वाचून दाखवायची, लिहून द्यायची. त्यांच्या थोरल्या भावाला तिकडे नोकरी लागली. पासपोर्टवर त्यांच्या नावाचे स्पेलिंग एक आणि नोकरीच्या कागदावर दुसरे. भाऊ विमानतळावरून परत आले. ती नोकरी दुसऱ्याला गेली आणि भावाने नंतर पुन्हा कधी प्रयत्न केला नाही. ते आयुष्यभर रोह्यात दुसऱ्याच्या दुकानात बसले. कागद कोणी चुकवला होता हे घरात कुणी विचारले नाही. बाईंनीही मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.

बारावीनंतर मी टायपिंग शिकले आणि रोह्याजवळच्या एका रासायनिक कंपनीत टाइम ऑफिसात मला नोकरी मिळाली. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी मी पहिलीच. रोज गडबहून नागोठण्यावरून रोह्याला जायचे, कामगारांची हजेरी लावायची, रजेचे अर्ज फायलीत लावायचे, साहेबांची पत्रे टाइप करायची. त्याच कंपनीत आमच्याच आळीतले बाळारामदादा कामाला होते. शिक्षण सातवीपर्यंत, पण हुशार आणि मानी. बाई तेव्हा दर रविवारी सकाळी पेणच्या रामवाडीतल्या आपल्या घराच्या पडवीत कामगारांसाठी आणि परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी इंग्रजीचा वर्ग घेत. दादा तिथे नियमाने जात. कंपनीतले सारे अर्ज इंग्रजीत लागत, आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी दाराशी कागद घेऊन उभे राहायचा त्यांना कंटाळा आला होता.

दादांना कावीळ झाली. दीड महिना ते घरी होते. बरे झाल्यावर त्यांनी कामावर परत येण्याचा अर्ज लिहिला, आणि तो माझ्याकडून लिहून न घेता स्वतः लिहिला. मला तो देताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मला अजून दिसते. 'सोमवारपासून पहिल्या पाळीला मी रिजॉइन होऊ इच्छितो, कृपया परवानगी द्यावी,' असे त्यांना म्हणायचे होते. त्यांनी 'रिजॉइन'च्या जागी 'रिझाइन' लिहिले. आर-ई-एस-आय-जी-एन. सोमवारपासून मी राजीनामा देऊ इच्छितो, असे झाले. अर्जाला डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला टाचणीने टाचलेला होता.

चूक माझ्या ध्यानात आली होती. दुपारी दादांना गाठून सांगू, असे मी मनाशी ठरवले आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला. कंपनीला त्या काळात कायम कामगार कमी करायचे होते. आमच्या पर्सोनेल ऑफिसरांनी तो कागद दोनदा वाचला. मग मला बोलावून शांतपणे सांगितले की दाखला वेगळा काढून वैद्यकीय फायलीत लावावा आणि राजीनामा मंजूर झाल्याचे पत्र तयार करावे. त्यांनी पत्राचा मजकूर हाताने लिहून दिला. मी टाचणी काढली. पत्र टाइप केले. घरी कोण कोण माझ्या पगारावर अवलंबून आहे, ते मी त्या पाच मिनिटांत स्वतःला सांगत होते.

सोमवारी दादांना गेटवर अडवले आणि ते पत्र हातात दिले. ते माझ्या खिडकीशी आले.

"गो सुनंदा, यात काय लिवलंय?"

मी म्हटले, "साहेबांना विचारा, दादा."

हे वाक्य मी आयुष्यात कोणाला सांगितले नव्हते. आज छापून यावे म्हणून लिहीत आहे.

दादा युनियनकडे गेले. लेखी राजीनामा आहे, खाली सही आहे, आता काय करणार, असे त्यांना सांगण्यात आले. मग ते पेणला बाईंकडे गेले. बाईंनी त्यांची वही उघडली. सहा महिन्यांपूर्वीच्या एका पानावर हेच दोन शब्द समोरासमोर होते. तिथेही दादांनी त्यांची अदलाबदल केली होती आणि बाईंनी ती हिरव्या शाईने सुधारली होती. बाई त्यांना म्हणाल्या, "मी दुरुस्त केलं, पण दहा वेळा लिहून घेतलं नाही. यात माझीही चूक आहे." दुसऱ्याच दिवशी त्यांनी सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे दादांच्या नावे तक्रार दिली आणि सोबत स्वतःच्या सहीचे पत्र जोडले, की या इसमास मी इंग्रजी शिकवते आणि या चुकीची मी साक्षीदार आहे.

त्या रविवारी वर्ग आटोपून बाई गडबला आमच्या घरी आल्या. आईने चहा ठेवला. बाईंनी इकडचे तिकडचे काही विचारले नाही. म्हणाल्या, "सुनंदा, बाळाराम म्हणतात अर्जाला दाखला जोडला होता. होता का?"

आई चुलीपाशी होती, तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. ती तिथूनच म्हणाली, "बोल गो, बाई इचारतायत."

मी दाखल्याचे सगळे सांगितले. बाई रागावतील असे मला वाटले होते, खरे तर त्या रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "तू बोललीस तर ते तुझी नोकरी टिकू देणार नाहीत. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. ये, असंही मी सांगणार नाही. सुनावणी मंगळवारी अकरा वाजता आहे."

एवढे बोलून त्या एसटी गाठायला निघून गेल्या.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अधिकाऱ्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दार उघडे होते. आत आमचे पर्सोनेल ऑफिसर म्हणत होते की कामगाराच्या मनात काय आहे ते कंपनीने कसे ओळखावे, कंपनी कागदावरचे शब्द पाहते. आणि इंग्रजी येत नव्हते तर इंग्रजीत लिहायला कोणी सांगितले होते. दादा मान खाली घालून बसले होते. बाईंनी अधिकाऱ्यांच्या परवानगीने कंपनीचे ते मंजुरीचे पत्र हातात घेतले.

'मंजूर' या अर्थाचा 'अॅक्सेप्ट' ए आणि दोन सींनी लिहितात. पत्रात तो ई-एक्सने लिहिला होता, 'एक्सेप्ट'. त्याचा अर्थ वगळणे.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुमच्या पत्रात लिहिलंय की यांचा राजीनामा वगळण्यात आला आहे. शब्द धरायचे असतील तर बाळाराम आजही तुमच्या नोकरीत आहेत. अर्थ धरायचा असेल, तर मग त्यांच्याही कागदाचा अर्थच धरा. तुमच्या चुकीला अर्थ आणि त्यांच्या चुकीला शब्द, असं चालणार नाही."

आमचे साहेब पत्र परत घेऊन पाहू लागले. दादांनी मान वर केली ती तेव्हा. अधिकारी मात्र सावध गृहस्थ होते. ते म्हणाले की बाईंचा मुद्दा त्यांना पटतो, परंतु केवळ शब्दांवरून त्यांना निर्णय देता येणार नाही; या माणसाला कामावर परत यायचे होते, याला दुसरा काही आधार आहे का? दादा म्हणाले, डॉक्टरांचा दाखला जोडला होता; आमचे साहेब म्हणाले, अर्जासोबत काहीच नव्हते. आधार होता आणि तो कुठे आहे हे बाईंना ठाऊक होते. तरीही त्यांनी दाराकडे पाहिले नाही.

मी उठून आत गेले. "अर्जाला डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला टाचलेला होता," मी म्हटले. "तो काढायला मला सांगण्यात आलं आणि मी काढला. टाइम ऑफिसच्या वैद्यकीय फायलीत आहे. राजीनामा देणारा माणूस कामाला लायक असल्याचा दाखला कशाला जोडेल?"

अधिकाऱ्यांनी अर्जाचा कोपरा उजेडाकडे धरला. टाचणीची दोन भोके होती.

पंधरवड्याच्या आत दादा पहिल्या पाळीला पुन्हा रुजू झाले. कंपनीने 'गैरसमजातून झालेला प्रकार' असे लिहून दिले. दादा पुढे निवृत्त होईपर्यंत तिथेच होते आणि आपले अर्ज शेवटपर्यंत इंग्रजीतच आणि स्वतःच लिहीत राहिले.

परतीच्या एसटीत मी बाईंच्या शेजारी बसले होते. त्यांनी विचारले, "ते पत्र तूच टाइप केलंस ना? एक्सेप्ट तुझ्या लक्षात आलं नव्हतं?"

मी म्हटले, आले होते. साहेबांच्या मसुद्यात होते तसेच मी मुद्दाम राहू दिले. मला वाटले त्या शाबासकी देतील.

"मग त्याच दिवशी बोलायचं होतंस," बाई म्हणाल्या. "कुणीतरी शोधून काढेल म्हणून चूक ठेवून द्यायची, याला मी धीर म्हणणार नाही. आज आत येऊन बोललीस, त्याला म्हणेन."

यानंतर जे व्हायचे ते झाले. मला स्टोअरला हलवले, तिथे मला टेबल नव्हते आणि कामही नव्हते. चार महिन्यांनी मी राजीनामा दिला. बाईंनाही किंमत मोजावी लागली. शाळेच्या चालकांपैकी काहींचे कंपनीवाल्यांशी घरोब्याचे संबंध होते. शिक्षिकेने कारखान्याच्या भानगडीत का पडावे, अशी विचारणा झाली. 'यांच्या लोकांना' वगैरे भाषाही कोणीतरी वापरली. बाईंनी तिची दखल घेतली नाही. दिलगिरीचे पत्र मागितले गेले. बाईंनी उत्तर दिले, "दिलगिरीला इंग्रजीत 'रिग्रेट' म्हणतात, त्याचं स्पेलिंग मला येतं. ते या कागदावर येणार नाही." पुढे पर्यवेक्षकपदासाठी त्यांची पाळी दोनदा आली आणि दोनदा डावलली गेली. त्या सहशिक्षिका म्हणून रुजू झाल्या आणि सहशिक्षिका म्हणूनच निवृत्त झाल्या. परवा या समारंभाच्या पत्रिकेच्या कच्च्या प्रतीत कुणी आदराने 'माजी मुख्याध्यापिका' छापले होते. बाईंनी ते खोडले आणि शेजारी 'सहशिक्षिका' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

नोकरी गेल्यावर मी घरी बसले होते तेव्हा कॉलेजचा बाहेरून परीक्षेला बसण्याचा फॉर्म बाईंनी स्वतः आणून दिला. रविवारचा वर्ग संपला की दुपारी एक तास त्या मला शिकवत. जेवण त्यांच्याकडेच होई. शुक्रवारी-रविवारी त्यांच्याकडे मासळी असायची आणि खाडीकाठच्या गडबची मी, मला काट्यांची सवय आहे की नाही हे विचारायचीही त्यांना गरज वाटली नाही. माझे बी. ए. झाले, बी. एड. झाले. गेली अनेक वर्षे मी रोह्याच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. माझ्याही वर्गात जुळ्यांची वही आहे, आणि माझ्याही वर्गात कोणाचा अर्ज मोठ्याने वाचला जात नाही.

बाईंनी असे गाजावाजा न करता किती जणांना सावरले असेल याची मोजदाद नाही. पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्याने परदेशी गिऱ्हाइकांसाठी इंग्रजी पाटी लावली होती. मूर्ती या अर्थाच्या 'आयडल'ऐवजी तिच्यावर आळशी या अर्थाचा 'आयडल' रंगवला होता. ये-जा करणारी कॉलेजची पोरे फोटो काढून हसत होती. बाई एका दुपारी कारखान्यात गेल्या, मालकांना बाजूला घेऊन बरोबर अक्षरे कागदावर लिहून दिली. मालक म्हणाले, लोकांना समजते हो बाई. बाई म्हणाल्या, "समजतं. पण तुमच्या हातच्या मूर्तीला कुणी आळशी म्हटलेलं मला आवडत नाही." पाटी बदलली. हे बाईंनी सांगितले नाही. त्या मालकांनी मला सांगितले.

आज काहीजण विचारतात, मोबाईल सगळी स्पेलिंगे दुरुस्त करतो, मग बाईंचा रविवारचा वर्ग अजून कशाला? मी हे एकदा बाईंना विचारले. त्यांनी माझ्या मोबाईलवर रजेच्या अर्जाचे एक वाक्य चुकीच्या 'लिव्ह'सह लिहायला सांगितले. मोबाईलने काही हरकत घेतली नाही. बाई म्हणाल्या, "बघ. याच्या दृष्टीनं दोन्ही शब्द बरोबर. तुला काय म्हणायचंय, ते ह्याला कुठे ठाऊक?"

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. गुडघे कुरकुरतात. तरी पडवीत सतरंजी पडतेच. पूर्वी कारखान्यातले कामगार असत, आता बचत गटातल्या बाया, बँकेचे फॉर्म घेऊन येणाऱ्या सुना आणि आखातात निघालेली मुले असतात. त्या सर्वांच्या वतीने मी परमेश्वराजवळ आणि बाईंच्या अल्लाजवळ मागते: बाईंच्या दुसऱ्या डोळ्यालाही बारीक अक्षर स्वच्छ दिसू दे. त्यांच्या गुडघ्यांना रामवाडीच्या त्या दोन पायऱ्या शंभरी ओलांडेपर्यंत चढता येऊ देत. त्यांची प्रकृती आणि त्यांचा करडा स्वर, दोन्ही असेच खणखणीत राहोत.

आणि आम्हा मराठी शाळेतल्या, खेड्यातल्या माणसांच्या इंग्रजीला ज्यांना अजूनही हसायचे असेल, त्यांना माझे नम्र निमंत्रण आहे. रविवारी सकाळी दहा वाजता रामवाडीला यावे. पडवीत जागा आहे. येताना वही आणावी.